ब्रेकवरचा पाय

१

१९९४ सालचा फेब्रुवारी. थंडी सरत आली होती, तरी सकाळी पाना हातात घेतला की बोटं बधिर व्हायची. गॅरेजच्या पत्र्यावरून दव गळायचं. मी आधी शटर उचलायचो, मग स्टोव्ह पेटवून चहा ठेवायचो, मग हत्यारं भिंतीवरच्या खिळ्यांना लावायचो. ही रीत माझी आणि लंबूची. लंबू गेल्यावरही मी ती मोडली नाही. चहाचं आधण मात्र हात चुकून दोघांचंच ठेवायचा.

लंबू माझा जोडीदार. तो वायरिंगचा माणूस, मी इंजिनाचा. उंच इतका की शटर अर्धं उचललं तर मी सरळ आत जायचो आणि तो कपाळ चोळत बाहेर उभा राहायचा. मी चौथीत शाळा सोडली म्हणून मला प्रोफेसर म्हणायचा. त्याने स्वतः तिसरीत सोडली होती. एका इयत्तेचा मान ठेवायला नको का, म्हणायचा.

त्या दिवशी शटर उचलायला गेलो तर दारात त्याचीच गाडी. जुना, नाक पुढे आलेला ट्रक. हिरवा रंग उन्हाने विटलेला. कोणीतरी दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढून आणला होता आणि ठिणगी दोर सोडत होती. ठिणगी ही लंबूची मुलगी. खरं नाव वेगळं, पण वायरिंगवाल्या बापाने जन्मल्या दिवशी जे म्हटलं तेच चिकटलं. बाप गेल्यावर गाडी बरेच दिवस नुसती उभी होती. मग हिने लायसन काढलं आणि शाळांना बाकं पोचवायचं काम धरलं. बाकांचा कारखाना डोंगराच्या पलीकडे.

तिने तक्रार सांगितली. चढाला लागली की गाडी जड होते आणि बंद पडते. सकाळी बॅटरी उतरलेली असते. दिवे मिणमिणतात. दोन मेस्त्र्यांनी डोकं खाजवून परत पाठवलं होतं. गाडी डोंगर चढत नसेल तर काम दुसऱ्याला देऊ, असं कारखान्याने सांगितलं होतं. तिच्या मामाने तर भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं होतं. शनिवारी तो येऊन गाडी घेऊन जाणार होता.

"बाबांची आहे म्हणून नाही म्हणत, काका," ती म्हणाली. "माझंही पोट आता हिच्यावरच आहे. होईल ना?"

मी 'बघतो' असं कधी म्हणत नाही. 'होईल' म्हणतो, नाहीतर 'होणार नाही' म्हणतो.

"होईल," मी म्हणालो.

२

डिझेलची गाडी. एकदा इंजिन लागलं की बॅटरी काढून घरी नेली तरी ते चालत राहतं. म्हणजे बंद पडण्याचं दुखणं वेगळं आणि बॅटरी उतरण्याचं वेगळं. दोन दुखण्यांची खिचडी करू नये. मेस्त्री तिथेच फसतात.

आधी इंजिन धरलं. चढावर बंद पडते म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरत असेल. टाकीपासून पंपापर्यंत सगळा पाइप उघडून पाहिला. फिल्टर बदलला, हवा काढली. पाइपात दोष नव्हता. मग बॅटरी, मग डायनॅमो. चॅसीवर जिथे अर्थिंगची पट्टी बसते तिथे गंजाचा थर होता. तो चांदीसारखा चकाकेपर्यंत घासला. दिवे मिणमिणण्याचं कारण ते.

मग वायरिंग उघडलं आणि थोडा वेळ हात थांबला. सगळं लंबूचं काम. प्रत्येक जोडावर टेप, आणि टेपवर मेण लावलेल्या दोऱ्याची गाठ. टेप उन्हाने सुटते, गाठ सुटत नाही, असं तो म्हणायचा. ते वायरिंग केलं त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं याच गाडीच्या फूटबोर्डवर बसायचो. तो झाळकाम करायचा, मी वायर धरायचो. राळेचा धूर डोळ्यांत गेला की तो एक जुनं गाणं गुणगुणायचा. त्याला शब्द कधीच पूर्ण आठवत नसत आणि मी मुद्दाम सांगत नसे. इतक्या वर्षांत एक गाठ सैल झाली नव्हती. मी एकही कापली नाही.

दिवस मावळताना किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. दिवे लख्ख. इंजिन बंद केलं, किल्ली खिळ्याला अडकवली, हात धुतले. शटर ओढायला वाकलो तर मागच्या भिंतीवर लाल उजेड.

गाडीची पाठ भिंतीकडे होती. ब्रेकचा दिवा लागला होता.

त्या दिव्याला किल्ली लागत नाही. पेडल दाबलं की मागे लाल दिवा, एवढंच त्याचं काम. पेडलपाशी एक स्विच असतो, तो अडकला असणार. मला उलट बरंच वाटलं. बॅटरी रात्रभर का उतरते ते सापडलं. मी जाऊन केबिनचं दार उघडलं, खालूनच हात घालून पेडल हलवलं. दिवा गेला.

दार उघडलं तेव्हा सीटच्या स्प्रिंगा करकरल्या होत्या. मी अजून वर चढलो नव्हतो. घरी जाताना हे लक्षात आलं. पत्रा थंडीने आकसतो तेव्हा असा आवाज येतो, असं मी स्वतःला सांगितलं.

३

दुसऱ्या दिवशी नवा स्विच टाकला. पेडल वर ओढणारी स्प्रिंगही नवी टाकली. पेडल ताठ उभं राहिलं.

दुपारी मी बाहेर एका टेम्पोचं चाक काढत होतो. सहज आत पाहिलं तर भिंत लाल.

या वेळी मी हळूच गेलो. का हळू गेलो ते सांगता येणार नाही. आपल्याच गॅरेजात कोणी चोरपावलांनी चालत नाही. दार उघडून वाकून पाहिलं. पेडल खाली होतं. नवी स्प्रिंग ताणून तारेसारखी झाली होती.

मी पेडलखाली हात घालून वर ओढलं. गंजाने अडकलेलं पेडल सुटतं तेव्हा झटक्याने सुटतं. हे हळू आलं. नको असताना कोणी पाय उचलावा तसं. हात काढला आणि बघत राहिलो. बघता बघता ते परत खाली गेलं, होतं तिथे जाऊन थांबलं.

ब्रेकचं तेल गळत असेल तर पेडल मऊ लागतं. पण ते स्वतःहून खाली जात नाही. खाली जायला वरून वजन लागतं. हे मला धंद्याच्या पहिल्या वर्षापासून माहीत. तरीही मी ब्रेकचा सगळा पंप उतरवला, धुतला, आतली रबरं बदलली, परत बसवला. हात कामात असला की डोकं गप्प बसतं.

पेडलच्या रबराची उजवी कड झिजलेली होती. लंबूच्या बुटाने झिजवलेली. त्यावर तळवा ठेवला तर रबर कोमट लागलं. उन्हाने तापलं असेल म्हणावं, तर गाडी सकाळपासून सावलीत होती.

मी स्विचची वायर काढून टाकली. दिवा लागायचा बंद झाला, बॅटरीही उतरणार नव्हती. पण हे काम नव्हे. दुखण्यावर फडकं टाकलं होतं, इतकंच.

४

संध्याकाळी ठिणगी आली. मी तिला खोदून विचारलं, गाडी नेमकी कुठे बंद पडते. ती म्हणाली, सपाटीवर कधीच नाही. लहान चढावर नुसती जड होते. डोंगराच्या चढावर, दगडी टाकीच्या वळणाशी आली की दर वेळी बंद पडते. उतरून चाकं पाहिली तर ब्रेकचे ड्रम तापलेले असतात.

तापलेले ड्रम म्हणजे ब्रेक धरलेला. ब्रेक धरला की दिवा लागणार, दिव्याने बॅटरी उतरणार, आणि चढावर इंजिन दम तोडणार. मी दोन दुखणी वेगळी काढली होती. दुखणं एकच होतं.

ती बोलत बोलत केबिनमध्ये चढली आणि बाजूच्या सीटवरची उशी उचलून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवली. बापासारखी उंच नाही ती, आईवर गेली. पाठीशी उशी घेतल्याशिवाय तिचे पाय पोचत नाहीत.

"ही तिकडे तुम्ही टाकली?" तिने विचारलं.

मी नाही म्हणालो. ती म्हणाली, रोज सकाळी ती तिकडेच सापडते. उतरताना मीच टाकत असेन असं वाटायचं.

मग ती जरा वेळ स्टिअरिंग धरून बसली. समोर काचेकडे बघत बापाच्या शेवटच्या दिवसांचं बोलायला लागली. ती आधी कधी बोलली नव्हती, मीही विचारलं नव्हतं. अंगात काही ताकद उरली नव्हती, म्हणाली. पाणीसुद्धा चमच्याने पाजायचो. पण उजवा पाय पलंगाच्या पायथ्याच्या फळीला लावून दाबून धरलेला असायचा. आई तेल चोळून सैल करायची, की परत दाबायचे.

"डॉक्टर म्हणाले, शिरा आखडल्यात," ती म्हणाली.

"असेल," मी म्हणालो.

घरी गेल्यावर बायकोने ताट वाढलं. मी म्हणालो, लंबूच्या गाडीची स्प्रिंग त्रास देते आहे.

"तुमचं तोंड स्प्रिंगचं नाही दिसत," ती म्हणाली.

मी जेवत राहिलो. तिने पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि उठता उठता म्हणाली, "भावजींचा शब्द दिलात का हो शेवटी? की राहिलाच?"

५

दगडी टाकीचं वळण मला कोणी दाखवायला नको होतं.

गाडी नवी होती तेव्हा माल भरून आम्ही दोघं तो चढ चढत होतो. लंबू चालवत होता. वळणाशी खाडकन आवाज झाला आणि शाफ्ट तुटला. शाफ्ट म्हणजे इंजिनाचं बळ मागच्या चाकांना नेणारा लांब दांडा. तो तुटला की गिअर गाडीला धरत नाही. त्या गाडीत हँडब्रेकही धरत नाही, कारण तो त्याच दांड्यावर बसतो. उरतो फक्त पायाचा ब्रेक. चाकांना दगड लावले, पण खाली भुसभुशीत मुरूम, दगड सरकायचे. लंबू ब्रेकवर बसला आणि मी गाडीखाली शिरलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. खाली गेलेला माणूस बाहेर येतो, चॅसीवर थाप मारतो आणि 'सोड' म्हणतो. तोपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही. दुसरं कोणी काहीही सांगो. वर बसलेल्याला खालचं दिसत नाही, म्हणून ही रीत.

शाफ्टचं टोक निसटलं आणि माझ्या डोक्यात बसलं. पुढचं मला लोकांनी सांगितलेलं. मागून आलेल्या गाडीवाल्यांनी मला ओढून काढलं आणि दवाखान्यात नेलं. ते सगळं दुसऱ्या बाजूने झालं, लंबूला काही दिसलं नाही. लोक त्याला म्हणाले, मेस्त्रीला नेलं, चाकांना मोठे धोंडे लावलेत, उतर आता. तो म्हणाला, ज्याने बसवलं तो सांगेल. ऊन डोक्यावर होतं तेव्हापासून दिवस बुडेपर्यंत त्याने पाय उचलला नाही. शेवटी चौघांनी त्याला धरून खाली काढलं. त्यानंतर तो जन्मभर उजवा पाय फरफटतच चालला.

मी शुद्धीवर आलो तेव्हा तो खाटेच्या पायथ्याशी बसला होता.

"प्रोफेसर," तो म्हणाला, "तू अजून सोड म्हणाला नाहीस."

"मर," मी म्हणालो.

आमचं बोलणं असंच असायचं. पुढे कितीतरी वर्षं, चहा पिताना तो दुखरा पाय लांब करायचा आणि म्हणायचा, माझा एक शब्द यायचाय तुझ्याकडून. मी म्हणायचो, देईन, पळून चाललोय का कुठे. हसायचो आणि कामाला लागायचो. शेवटी पळून गेला तो.

६

शुक्रवारी सकाळी मी स्विचची वायर परत जोडली. लंबूसारखी दोऱ्याची गाठ मारली. ठिणगीला म्हणालो, चल, तू चालव. मी शेजारी बसतो.

छान ऊन पडलं होतं. सपाटीवर गाडी अशी पळाली की मला जुने दिवस आठवले. खिडकीतून वारा आत येत होता. दाराची काच तीच जुनी, खडखडणारी. लंबू तिच्या फटीत काडेपेटी खोचायचा. ठिणगीनेही खोचली होती. मी तिला ते शिकवलं नव्हतं, बापानेच शिकवलं असणार. गिअर टाकताना खांदा पुढे काढायची लकबही त्याचीच. एकदा तिने हॉर्न दाबला आणि स्वतःशीच हसली. मला वाटलं, झालं, गाडी बरी झाली.

चढ लागला. मी रस्त्याकडे पाहणं सोडलं आणि तिच्या पायांकडे बघत बसलो. उजवा पाय अॅक्सिलरेटरवर. डावा क्लचच्या बाजूला, जमिनीवर. दोन्हींच्या मध्ये ब्रेकचं पेडल उभं.

दगडी टाकी दिसली, आणि पेडल खाली जायला लागलं.

धक्का नाही, घाई नाही. जुना ड्रायव्हर भरलेली गाडी थांबवतो तसं, बेताने. इंजिन कण्हलं. ठिणगीने अॅक्सिलरेटर तळाला नेला. इंजिन दोनदा हिसका देऊन बंद पडलं.

मग काहीच आवाज नव्हता. काडेपेटी लावलेली काचसुद्धा गप्प.

"गिअर काढ," मी म्हणालो. तिने काढला. हँडब्रेक खाली होता, मी हात लावून खात्री केली. "आता दोन्ही पाय वर घे. सीटवर."

तिने पाय वर घेतले. गाडी चढावर तशीच उभी राहिली. मागे तसूभर सरकली नाही.

ती पेडलकडे बघत होती. बोलताना तिचा आवाज स्थिर होता.

"काका, कोण धरतंय?"

"खाली उतर," मी म्हणालो. "चाकांना दगड लाव. मोठे बघ."

७

दगड तिने आणले, पण मी प्रत्येकाला स्वतः लाथ मारून पाहिलं. भुसभुशीत जागी दगड ठेवू दिला नाही. मग तिला रस्त्याच्या कडेला, मागचा दिवा दिसेल अशी उभी केली आणि सांगितलं, काही झालं तरी जवळ यायचं नाही. लाल दिवा लागलेलाच होता.

मी गाडीखाली शिरलो. गुडघे कुरकुरले. या वयात कोणी शिरू नये. तापलेल्या ड्रमचा वास येत होता. इंजिन थंड होताना टक टक वाजत होतं. शाफ्ट माझ्या तोंडावर होता. तिथे पडून मला एवढंच वाटलं, की दगड सरकले तरी गाडी जाणार नाही. तेव्हाही हेच वाटत होतं. त्याचा पाय वर असताना मला कधी भीती वाटली नव्हती.

पेडलं केबिनच्या पत्र्यातून खाली येतात. प्रत्येकाला एक लांबट फट असते. क्लचच्या फटीतून उजेड खाली पडत होता, धुळीच्या कणांसकट. ब्रेकची फट काळी होती.

फडकं अडकलं असेल. ड्रायव्हरांच्या पायाशी फडकी पडलेली असतात. ते काढावं म्हणून मी फटीत बोट घातलं.

बोटाला जाड कापड लागलं. कापडाच्या आत काहीतरी थरथरत होतं. फार वेळ एकाच जागी दाबून धरलेला पाय थरथरतो, तसं.

मी बोट काढून घेतलं. मग कोपरांवर सरकत बाहेर आलो, ड्रायव्हरच्या बाजूने, त्याला दिसेल असा. उभा राहिलो. टोपी झटकली. वर केबिनकडे पाहिलं नाही. चॅसीवर उघड्या हाताने थाप मारली, नेहमी मारायचो तशी.

"लंबू, मी आलो बाहेर. सोड."

आधी काही झालं नाही. मग सीटच्या स्प्रिंगा एकेक करून वर आल्या. फूटबोर्ड जरासा खाली दबला आणि परत उचलला गेला.

"काका, दिवा गेला," ठिणगी मागून म्हणाली.

गाडी बोटभर मागे सरली आणि दगडांवर टेकली.

ठिणगी पळत आली. चढली, उशी पाठीशी घेतली, किल्ली फिरवली. इंजिन लागलं. मी मागून एकेक दगड काढला. गाडी वळण चढून वर गेली आणि सपाटीवर थांबली. मी चालत वर पोचलो तेव्हा ती दार उघडून वाट बघत होती.

"काय होतं, काका?"

"एक शब्द द्यायचा होता," मी म्हणालो. "दिला."